आपल्या जिल्ह्यात २०३१ ला म्हातारी माणसं किती असतील, हे एक्सेलमध्ये स्वतः कसं काढायचं

कोकणात पावसाळ्यात कुठल्याही वाडीत जा, निम्म्या घरांना कुलूप आणि जी उघडी आहेत त्यात दोन म्हातारी माणसं, हे सगळ्यांना दिसतं. पण दवाखान्यात डॉक्टर मागा नाहीतर एसटीची फेरी मागा, समोरून पहिला प्रश्न येतो, आकडा काय? आणि जिल्ह्याचा आकडा हाताशी नसतो. केंद्राच्या तज्ज्ञ गटाने २०११ ते २०३६ चे अंदाज काढलेत, देशात ६० च्या वरचे ८.४ टक्क्यांवरून १४.९ टक्क्यांवर जातील असं त्यात आहे, पण ते अंदाज राज्यापाशी थांबतात.

म्हणून लोक राज्याची टक्केवारी उचलून जिल्ह्याला लावतात. कृपया हे करू नका. २००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्र ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेला आणि त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आला, सिंधुदुर्ग ८.६९ वरून ८.५० लाख. ठाण्याला आणि रत्नागिरीला एकच टक्केवारी कशी चालेल?

आता मुख्य गोष्ट. २०३१ मध्ये जे ६० च्या वर असतील ते २०११ मध्ये ४० च्या वर होते, म्हणजे ते कधीच जन्मलेत आणि त्यांची मोजणीही झालीय. पुढे जन्म किती होतील याची म्हाताऱ्यांच्या आकड्यासाठी काही गरजच नाही, फक्त त्यातले किती जगले, किती गेले आणि किती परत आले एवढंच बघायचं.

जनगणनेच्या वेबसाइटवरून सी-१४ नावाचं टेबल उतरवा, २००१ चं आणि २०११ चं. त्यात जिल्ह्याचे ०-४, ५-९ असे पाच-पाच वर्षांचे गट असतात, बायका-पुरुष वेगळे, शेवटचा गट ८० च्या वरचा. वय न सांगितलेल्यांची एक ओळ असते, ती बाकीच्या गटांत प्रमाणात वाटून टाका. मग २००१ मध्ये ५०-५४ चे किती होते आणि २०११ मध्ये ६०-६४ चे किती निघाले, भागाकार करा. समजा ४०,००० होत्या आणि दहा वर्षांनी ३८,००० निघाल्या, तर रेशो ०.९५. असं प्रत्येक गटाचं करायचं. शेवटच्या गटाला मात्र २०११ चे ८०+ भागिले २००१ चे ७०+ सगळे मिळून. हे रेशो २०११ च्या आकड्यांना लावले की २०२१ येतं, त्यालाच परत लावले की २०३१. दोनदा गुणाकार, बस.

बायका आणि पुरुष वेगळेच ठेवा, यात आळस करू नका. रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कारण पुरुष मुंबईला. पण ते रिटायर झाले की त्यातले बरेच गावी येतात, त्यामुळे ५५-६५ च्या आसपास पुरुषांचा रेशो १ च्या जवळ किंवा वरही गेला तर फॉर्म्युला चुकला असं समजू नका, ते परत आलेले चाकरमानी आहेत. खात्री करायची असेल तर एसआरएसच्या (जन्म-मृत्यूची सरकारी नमुना नोंदणी) जीवन-सारणीतून, म्हणजे कुठल्या वयाचे किती जगतात या टेबलातून, राज्याचं त्या वयाचं जगण्याचं प्रमाण काढा आणि शेजारी ठेवा, दोन्हीतला जो फरक येईल तो ढोबळमानाने स्थलांतराचा. मला या सगळ्या हिशोबात हाच कॉलम सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण हे लोक येतात तेव्हा मुलं तिकडेच राहिलेली असतात. मात्र पुढची पिढी तशीच येईल हे धरून चालू नका, ज्यांनी डोंबिवली-विरारला स्वतःचं घर घेतलं ते कदाचित येणार नाहीत, म्हणून एकदा जुना रेशो आणि एकदा जीवन-सारणीचा असे दोन आकडे काढा आणि दोन्ही सांगा.

टक्केवारी हवी असेल तरच मुलांचा अंदाज लागतो. २०११ मधली ०-४ ची मुलं भागिले १५-४४ च्या बायका, आणि ५-९ ची मुलं भागिले २०-४९ च्या बायका, हे प्रमाण पुढच्या दोन्ही टप्प्यांना लावा पण थोडं खाली आणून, कारण राज्यात बाईमागे सरासरी मुलं एनएफएचएस-४ मध्ये (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची चौथी फेरी) १.९ होती ती एनएफएचएस-५ मध्ये १.७ झाली. खरं तर मी टक्केवारीपेक्षा १५-५९ च्या दर १०० माणसांमागे ६० च्या वरचे किती, हे आधी बघते.

चुका कुठे होतात ते पण सांगते. लोक वय ६०, ६५, ७० असं गोल सांगतात, म्हणून एरवी शेवटी ६०-६९, ७०-७९, ८०+ असे मोठे गट करूनच आकडा द्या. पालघर २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, तेव्हा २०११ च्या टेबलात तो ठाण्यातच आहे. कोविडमधले मृत्यू जुन्या रेशोत नाहीत. आणि जमलं तर ३५ही जिल्ह्यांचं करून बेरीज तज्ज्ञ गटाच्या राज्याच्या २०३१ च्या आकड्याशी ताडून बघा, जेवढी जास्त-कमी येईल तेवढ्या प्रमाणात सगळे जिल्हे सरकवा. गावापर्यंत मात्र ही पद्धत नेऊ नका, तिथे एक कुटुंब आलं-गेलं की रेशो बिघडतो, गावासाठी आशाताईंसोबत बसून घरं मोजलेली बरी.

मागणीला ठराविक वय लागत असेल तर मात्र पाच-पाच वर्षांच्या गटांतून त्याप्रमाणे वय कापा, फक्त तो आकडा ढोबळ आहे हे सांगा. श्रावणबाळ योजनेला ६५, एसटीच्या मोफत प्रवासाला ७५, घरी जाऊन तपासणी मागायची असेल तर ८०+ बायका वेगळ्या दाखवा. आणि फाइल जपून ठेवा, नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, वयाची टेबलं आली की तुमच्या २०२१ आणि २०३१ च्या मधे ती बसवून रेशो नव्याने काढता येतील.