होडीच्या अरुंद फळीवर नाव रंगवताना

गोव्यातल्या मालिम जेटीवरच्या होडीला नाव घालायचं असेल तर चिंचोळं स्टेन्सिल अक्षर, म्हणजे कापलेल्या साच्यातून रंगवायचं अक्षर, घ्या. रुंदी कमी असल्याने लांबलचक नावही फळीवर उंच अक्षरांत बसतं आणि दुरून वाचता येतं.

फॉन्ट आवळताना मधले पूल, म्हणजे साच्याचे तुकडे जोडून धरणाऱ्या पट्ट्या, मात्र बारीक करू नका. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांची पोटं, म्हणजे आतल्या बंद जागा, त्यांच्यावरच टिकतात. पूल तुटला की पोट गळून पडतं आणि तिथे नुसता रंगाचा गोळा उमटतो. शिरोरेषा अखंड कापली तर सगळं स्टेन्सिल लुळं पडतं, म्हणून ती अक्षराअक्षराला तोडा. मला तर या तुटक रेषेतच त्याचा खरा रुबाब दिसतो!

रंग दाट हवा, ब्रश जवळजवळ कोरडा. घासू नका, टोचत लावा. परिच्छेदासाठी हा टाईप वापरू नका.