डॉसच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये माऊस चालवायचा असेल तर

माळ्यावरचा पीसी खाली आणला, पुसला, सुरू झाला आणि सी प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची ओळ, आला, असं धरून चालतो. तिथवर पोचला नसाल तर अडचण माऊसची नाही.

डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमला माऊस म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. ड्रायव्हर, म्हणजे माऊस समजणारा छोटा प्रोग्रॅम, आपण चढवायचा असतो आणि बाकीचे प्रोग्रॅम इंटरप्ट ३३ या ठरलेल्या मार्गाने त्यालाच विचारतात, ‘बाण कुठे आहे, बटण दाबलंय का?’ म्हणून ड्रायव्हर आधी, प्रोग्रॅम नंतर. आणि सी प्रॉम्प्टवर बाण दिसणार नाही. माऊस उत्तम चालत असला तरी नाही. ‘काहीच हलत नाही’ म्हणून मला फोन करणाऱ्या निम्म्या मंडळींचा माऊस ठीकच असतो.

माऊस पीसीच्या मागच्या सिरियल पोर्टला लागणारा, नऊ पिनांचा सिरियल घ्या. दुकानदार यूएसबी माऊस आणि एक छोटा अडॅप्टर हातात देईल, तो परत करा. त्या अडॅप्टरमध्ये नुसत्या तारा असतात. माऊसच्या आतल्या चिपला सिरियलची भाषा येत नसेल तर तारा जोडून ती येणार नाही. पीसीला गोल पीएस/२ सॉकेट असेल तर सरळ पीएस/२ माऊस लावा, मात्र मशीन बंद करून.

ड्रायव्हर म्हणून क्यूटमाऊस वापरा. फुकट आहे, फ्रीडॉस या फुकट डॉससोबत मिळतो आणि मेमरी चार केबीच्याही आत घेतो. डॉसच्या ६४० केबी मेमरीत संसार करणाऱ्याला त्याची किंमत कळते. फाइल सी ड्राइव्हवर कॉपी करा.

आता खरी मेख. क्यूटमाऊस नुसतं नाव टाकून चालवू नका. ‘तो आपोआप शोधतो’ हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि त्या अर्ध्या खऱ्यापायी माझ्या तीन रात्री गेल्या. चिपळूणला घरांचे नकाशे काढणाऱ्या एका काकांचा पीसी होता, त्यात डॉसवरचं ऑटोकॅड. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा मशीन वरच्या मजल्यावर होतं म्हणून वाचलं. ड्रायव्हर चालवला की स्क्रीनवर स्वच्छ यायचं, कॉम-१ वर, म्हणजे पहिल्या सिरियल पोर्टवर, बसला, ‘माऊस सिस्टिम्स’ मोडमध्ये. बसला ना? मग दोष ऑटोकॅडचा, असं ठरवून मी ऑटोकॅड पुन्हा टाकलं, डॉस ६.२२ पुन्हा टाकलं, मेमरीच्या सेटिंग्ज उलटसुलट केल्या. काकू चहा आणून देत होत्या आणि काका दर तासाने ‘काय, हलला का?’ म्हणून डोकावत होते. बाण जागचा हलेना.

झालं होतं असं. मायक्रोसॉफ्ट पद्धतीचा सिरियल माऊस पोर्टच्या आरटीएस आणि डीटीआर या तारांवरून वीज घेतो. ड्रायव्हर ती वीज क्षणभर काढून पुन्हा देतो आणि माऊस जागा होताच ‘एम’ हे अक्षर पाठवतो. ही त्याची ओळख. माऊस सिस्टिम्स पद्धतीचा माऊस मात्र अशी ओळख देतच नाही. त्यामुळे कुणीच ‘एम’ म्हटलं नाही की क्यूटमाऊस समजतो, असेल तो दुसऱ्या पद्धतीचा, आणि बसल्याचं जाहीर करतो. पोर्टला काही जोडलेलं नसलं तरीही! काकांच्या पोर्टची सात नंबरची पिन, म्हणजे आरटीएस, खाऱ्या हवेने हिरवी पडली होती. माऊसला वीजच नव्हती आणि ड्रायव्हर मला बिनधास्त ‘बसला’ म्हणून सांगत होता.

म्हणून माऊस सिरियल असेल तर क्यूटमाऊसच्या नावापुढे दोन गोष्टी कायम टाइप करा. एक, तिरकी रेघ आणि एस१ (/S1), म्हणजे फक्त कॉम-१ बघ (दुसऱ्या पोर्टला एस२). दोन, तिरकी रेघ आणि वाय (/Y), म्हणजे माऊस सिस्टिम्सचा तर्क लढवू नकोस. आता माऊस नसेल तर तो नाही म्हणेल. हे ‘नाही’ आलं की सॉफ्टवेअरला हात लावू नका. मशीन बंद करा, पिना स्पिरिटने पुसा, जोडणीचे स्क्रू घट्ट आवळा.

तरीही ‘नाही’च आलं तर माऊस उलटा करा. पोटाखाली एमएस आणि पीसी असं लिहिलेली सरकती कळ असेल तर ती एमएसवर हवी. कळ नसलेले काही तीन बटणी माऊस सुरू होताना डावं बटण दाबलेलं असलं तर मोड बदलतात, तेव्हा त्या वेळी बोट बाजूला ठेवा. आणि माऊस चालतो पण मॉडेम लागला की गोठतो, असं असेल तर मॉडेम कॉम-३ वर आहे का बघा. कॉम-१ आणि कॉम-३ सहसा एकच आयआरक्यू ४, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची तार, वापरतात. मॉडेम कॉम-२ वर न्या.

तपासायला डॉसचा एडिट, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, उघडा. चौकोनी ठिपका हाताबरोबर फिरला की काम झालं. क्यूटमाऊसची तीच ओळ ऑटोएक्सेक डॉट बॅटमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये, टाका. विंडोज ३.१ तिथूनच सुरू होत असेल तर त्याच्या ओळीच्या वर. विंडोज ९५ मधून डॉस मोडमध्ये जात असाल तर विंडोजच्या फोल्डरातल्या डॉसस्टार्ट डॉट बॅटमध्ये.

प्रोग्रॅमलाही सांगावं लागतं. ऑटोकॅडमध्ये डिजिटायझर म्हणून मायक्रोसॉफ्ट माऊस निवडा, वर्डपर्फेक्ट ५.१ मध्ये शिफ्ट-एफ१ दाबून सेटअपमध्ये जा. वर्डस्टारच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना माऊस कळतच नाही, तिथे डोकं आपटू नका.

बाण अडखळत चालला तर माऊसच्या पोटातली गोळी काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडा. आणि मृग लागायच्या आत माऊस घट्ट झाकणाच्या डब्यात जाऊ दे, नाहीतर गणपतीत पुन्हा त्याच पिना पुसत बसाल.