प्राणिवर्तनात करिअर करायचंय? गोव्यातल्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

'प्राणिवर्तन शास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात आपल्याकडे जवळजवळ निघतच नाही. झूलॉजी झालेली मुलं नोकरीच्या साइटवर 'अ‍ॅनिमल बिहेवियर' टाइप करतात, कुत्र्यांना ट्रेनिंग देणाऱ्यांच्या चार जाहिराती बघतात, या विषयात काही राम नाही असं ठरवतात आणि बीएडचा फॉर्म भरून मोकळी होतात. बीएड वाईट नाही, पण ते मनापासून करावं, नाइलाजानं नको. काम आहे. ते निघतं मात्र दुसऱ्याच नावांनी.

पहिली चूक हीच, पदाचं नाव शोधत बसण्याची. खरी पदं असतात ज्युनियर रिसर्च फेलो, प्रोजेक्ट असोसिएट, फील्ड असिस्टंट, फील्ड बायॉलॉजिस्ट, आणि विषयाच्या रकान्यात लिहिलेलं असतं मानव-वन्यजीव संघर्ष, बायोअकूस्टिक्स (म्हणजे प्राण्यांच्या आवाजांचा अभ्यास), मत्स्यविज्ञान, रोगप्रसार किंवा नुसतंच इकॉलॉजी. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे आपली एनआयओ, 1966 सालची. तिथे प्राणिवर्तन नावाचा फलक दिसणार नाही. पण तिथल्याच शास्त्रज्ञांनी ग्रँड आयलंडच्या परिसरात पाण्याखाली ध्वनिमुद्रण करून माशांच्या सामूहिक आवाजांचा अभ्यास केला आहे. मासे कधी आणि कुठे आवाज काढतात, हा वर्तनाचाच प्रश्न. अशा प्रकल्पाच्या जाहिरातीत मात्र 'सिग्नल प्रोसेसिंग येणं इष्ट', म्हणजे ध्वनिमुद्रणाचं संगणकावर विश्लेषण यावं, असं लिहिलेलं असतं आणि झूलॉजीवाले ती वाचून पान उलटतात. मिशन रेबीज या संस्थेचं गोव्यातलं काम कुत्र्यांच्या लसीकरणाचं म्हणून ओळखलं जातं. पण कुत्री कुठे किती, कोणती हाती लागतात आणि कोणती निसटतात, याच्या मोबाइल अ‍ॅपवर होणाऱ्या नोंदींवर ते उभं आहे. जाहिरात वाचताना पदनाम सोडा आणि 'कामाचं स्वरूप' हा परिच्छेद वाचा. त्यात 'निरीक्षण', 'मॉनिटरिंग', 'कॅमेरा ट्रॅप', 'मूव्हमेंट' यांपैकी काहीही असलं तरी ती जाहिरात तुमची आहे.

प्रेम आहे, पण प्रश्न कुठे आहे?

मुलाखतीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'मला लहानपणापासून प्राण्यांची खूप आवड आहे.' समोर बसलेल्या प्रत्येकालाच ती असते, त्यामुळे या वाक्याचा गुण शून्य. ज्यांना जखमी प्राण्यांवर उपचार करायचेत त्यांनी पशुवैद्यकशास्त्राकडे जावं, ते शिक्षणच वेगळं. ज्यांना प्राणी असं का वागतो हे शोधायचंय त्यांच्याकडे प्रश्न हवा.

प्रश्न तयार करायचा जुना आणि अजूनही उत्तम मार्ग प्राणिवर्तनशास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी 1963 मध्ये आखून दिला. 1973 चं नोबेल त्यांना कार्ल फॉन फ्रिश आणि कोनराड लॉरेन्झ यांच्यासोबत मिळालं. कुठलंही वर्तन घ्या आणि चार बाजूंनी विचारा: ते आत्ता कशामुळे घडतंय, त्या जिवाच्या वाढीत ते कसं आलं, त्याचा जगण्याला आणि प्रजननाला उपयोग काय, आणि उत्क्रांतीत ते कुठून आलं. चारही एकाच प्रबंधात कोंबू नका. एक धरा. 'कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरींचा अभ्यास' हा विषय झाला, प्रश्न नाही. 'ओहोटीला चिखल उघडा पडल्यावर मगरी ऊन खायला येतात, की पाणी कितीही असो, उन्हाच्या वेळेवर येतात?' हा प्रश्न. शिवाय तो होडीतून, मगरीला हातही न लावता सोडवता येतो.

फोटो म्हणजे डेटा नव्हे

इथे जरा थांबायला हवं, कारण निम्मे अर्ज इथेच पडतात. उमेदवार पेन ड्राइव्हभर फोटो आणि व्हिडिओ घेऊन येतो. नोंदवही मागितली तर त्यात 'सकाळी माकडं दिसली, खात होती, भांडली' एवढंच. त्यातून काही मोजता येत नाही.

चोडणचं उदाहरण घ्या. रायबंदरहून फेरीनं पलीकडे गेलं की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचं. खारफुटीच्या पट्ट्यात ओहोटीला फिडलर खेकडे बिळांतून बाहेर येतात. नराचा एक नांगा अवाढव्य असतो. तो वर-खाली हलवत नर मादीला बोलावतो आणि चिखलातलं खाणं दुसऱ्या, छोट्या नांग्यानं उचलतो. अभ्यासाला इतका सोयीचा प्राणी शोधून सापडणार नाही. पण बघा काय होतं: विद्यार्थी काठावर उकिडवा बसतो आणि त्याची नजर आपोआप सगळ्यात मोठ्या, सगळ्यात जोरात नांगा हलवणाऱ्या नराकडे जाते. तासाभरानं वहीत नोंद होते की नर सारखे नांगा हलवतात. बिळाच्या तोंडाशी गप्प बसलेले सगळे नर हिशेबातून गळाले.

यावरचा उपाय वर्तनशास्त्रज्ञ जीन आल्टमन यांनी 1974 च्या एका शोधनिबंधात मांडला आणि आज जगभर तोच वापरतात. फोकल सॅम्पलिंगमध्ये एक प्राणी आधीच निवडायचा, ठरलेली मिनिटं फक्त त्याच्याकडे बघायचं आणि त्यानं काहीच केलं नाही तर 'काहीच केलं नाही' हेही लिहायचं. स्कॅन सॅम्पलिंगमध्ये ठरावीक अंतरानं सगळ्या कळपावरून नजर फिरवायची आणि त्या क्षणी कोण काय करतोय ते टिपायचं. खेकड्यांसाठी दोरीनं चौकोन आखा, चिठ्ठी टाकून एक चौकोन निवडा, त्यातला सर्वांत जवळचा नर घ्या. वेळ, ओहोटी सुरू होऊन किती वेळ झाला, मोठा नांगा डावा की उजवा, मिनिटाला किती वेळा हलवला, शेजारी मादी होती का, एवढे रकाने पुरेत. आणि हो, बसल्या बसल्या सुरुवात करू नका. माणूस आला की सगळे खेकडे बिळात पळतात, ते परत बाहेर येऊन सरावेपर्यंत हलायचं नाही.

त्याच खेकड्याला तीसदा बघितलं की तीस खेकडे झाले, असं समजू नका. नमुना एकच राहतो. ही चूक पदव्युत्तर प्रबंधांतही सर्रास सापडते आणि परीक्षक ती पहिल्या पाच मिनिटांत पकडतो.

शब्दांचंही बघा. 'माकड रागावलं', 'कुत्रा लाजला' असं नोंदवहीत येता कामा नये. बॉनेट माकड दात विचकतं तेव्हा दूधसागरला आलेले पर्यटक 'हसतंय बघ' म्हणून जवळ जातात, पण माकडांत ती बहुधा भीतीची, माघार घेण्याची खूण असते. म्हणून आधी इथोग्राम करायचा, म्हणजे प्रत्येक वर्तनाची अशी व्याख्या की दुसऱ्या कुणीही वाचून तेच ओळखावं. मग मित्राला शेजारी बसवा, दोघं स्वतंत्रपणे तेच वर्तन नोंदवा आणि कोहेनचा कॅपा हा आकडा काढून तुमचं किती जुळतं ते बघा. व्हिडिओतून नोंद घ्यायला बोरिस नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. विश्लेषणासाठी 'आर' ही संगणकभाषा शिका. आकडेवारीला घाबरून या क्षेत्रात येणं म्हणजे पोहता येत नसताना खलाशी होणं.

महागडी उपकरणं नाहीत म्हणून रडू नका. राघवेंद्र गदगकर यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कित्येक दशकं रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर काम केलं. एकेक माशी ओळखता यावी म्हणून तिच्या अंगावर रंगाचे ठिपके द्यायचे, ही त्यांची पद्धत. कोलकात्याच्या आयसरमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, भटक्या कुत्र्यांच्या वर्तनावर काम चालतं, तेही रस्त्यावर. गांधीलमाश्या आणि कुत्रे यांचा तुटवडा गोव्यात तर नक्कीच नाही.

परवानगी नंतर बघू

नाही, परवानगी आधी. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 मधल्या कलम 28 नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी जायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. प्राणी पकडायचा, खूण करायची, नमुना घ्यायचा असेल तर कलम 12 येतं आणि मामला लांबतो. प्रयोगशाळेत पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवर प्रयोग असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी हवी. कागद हलायला महिने लागतात, म्हणून एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात अर्ज टाकणाऱ्याचा प्रबंध परवाना हाती येण्याआधीच संपलेला असतो. पहिल्या वर्षीच अर्ज टाका, किंवा परवाना लागत नाही असा प्राणी आणि अशी जागा निवडा. कॉलेजच्या आवारातले कावळे, घराच्या भिंतीवरची पाल, बाजारातली कुत्री.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रात्री फ्लॅश मारून फोटो काढायचे आणि घरट्याची जागा इन्स्टाग्रामवर टाकायची, हे करिअरच्या सुरुवातीलाच नाव घालवायचे उत्तम उपाय. या क्षेत्रातली माणसं थोडी आहेत आणि सगळी एकमेकांना ओळखतात.

पावसाळ्याचंही असंच. जूनमध्ये डॉल्फिनवर प्रकल्प सुरू करायचा म्हणणारे भेटतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, होडी मिळणार कुठून? ते दिवस बेडूक घ्या. सुर्लाच्या पठारावर रात्री कान द्यायचा अवकाश, आवाजांची कमतरता नाही.

ईमेलला उत्तर येत नाही

कारण बहुतेकदा हे: 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' असं दोघांनाही एकदम संबोधून, तीच ओळ चाळीस जणांना धाडलेली असते, 'आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट वाइल्डलाइफ' आणि खाली चार पानी बायोडेटा. पत्र इंग्रजीतच जाईल, पण मजकूर साधारण असा हवा: 'तुमच्या गटाचा खाडीतल्या पक्ष्यांवरचा अमुक निबंध वाचला. त्यात भरतीच्या वेळांचा परिणाम तपासलेला नाही असं वाटलं. मी चोडणला फिडलर खेकड्यांच्या नोंदी ओहोटीनुसार घेतल्या आहेत, तक्ता आणि एक आलेख सोबत जोडला आहे. डिसेंबर ते मे तुमच्याकडे काम करण्याची संधी आहे का?' एवढंच. एक आलेख दहा प्रमाणपत्रांना भारी पडतो. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण द्या, रोज नको.

'स्वयंसेवक' म्हणून तुमच्याकडूनच घसघशीत पैसे घेणाऱ्या जागांपासून जरा सावध. राहण्या-जेवणाचा खर्च मागणं समजू शकतं. पण काय शिकवणार, कोण शिकवणार, डेटा कुणाचा आणि निबंधात नाव येणार का, या प्रश्नांना सरळ उत्तर मिळत नसेल तर ती सहल आहे, अनुभव नव्हे.

गोव्यातच, की गोव्याबाहेरच?

दोन्ही टोकं चुकीची. गोवा विद्यापीठ, एनआयओ, जुन्या गोव्यातली आयसीएआरची किनारी कृषी संशोधन संस्था, झुआरीनगरचं बिट्स, वनखातं, एवढं हाताशी असताना पहिला अनुभव घ्यायला बंगळुरू गाठायची गरज नाही. पण पीएचडीसाठी घरापासून तासाभराच्या अंतरातच बघणार असाल तर पर्याय फार आखडतात. भारतीय विज्ञान संस्थेचं सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस, बंगळुरूचंच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस), डेहराडूनची वन्यजीव संस्था, आयसर, मुंबईची 1883 पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस), म्हैसूरचं नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन ही नावं यादीत हवीत. एनसीबीएस आणि डेहराडून इथले वन्यजीवविषयक एमएस्सी अभ्यासक्रम परंपरेनं वर्षाआड प्रवेश देत आले आहेत. तो ताळमेळ न बघितल्यानं वर्ष फुकट गेलेली मुलं दर खेपेला दिसतात.

गोवा सरकारच्या पदांवर नजर असेल तर जाहिरातीतल्या दोन ओळी आधी वाचा: कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास उत्तम. शिवाय 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मागतात. सावंतवाडी-दोडामार्गहून इथे शिकायला आलेल्यांचं घोडं नेमकं इथेच अडतं.

पैशांबद्दल थोडक्यात. जानेवारी 2023 पासून ज्युनियर रिसर्च फेलोला (जेआरएफ) महिना 37,000 रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी सीनियर झाल्यावर (एसआरएफ) 42,000. प्रकल्पावरची बहुतेक पदं कंत्राटी असतात आणि मुदतवाढीची खात्री नसते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

सत्तरीच्या जंगलात काम असेल तर माकडतापाची माहिती घ्या. 2015 पासून तिथे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. पूर्ण बाह्या, मोज्यात खोचलेली पँट, परतल्यावर अंगाची तपासणी, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणं. कुत्रा-माकडांवर काम करणाऱ्यांनी रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस आधीच घ्यावी.

राहिली परीक्षा. सीएसआयआर नेट लाइफ सायन्सेसमध्ये 'इव्होल्यूशन अँड बिहेवियर' हे पूर्ण युनिट आहे आणि क्लासवाले ते हमखास शेवटी, घाईत उरकतात. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. गेटमध्ये 'इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' हा स्वतंत्र पेपर आहे, त्यात वर्तन येतं आणि त्या गुणांवर बऱ्याच ठिकाणी मुलाखतीचं बोलावणं मिळतं. गेटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे चवथीच्या धामधुमीत असतात. माटोळी बांधायच्या आधी फॉर्म भरून टाका, फोटो आणि सही स्कॅन करून फोनमध्ये ठेवा, आणि पैसे भरल्याची पावती स्वतःलाच मेल करा.