फ्लाइट नर्स तयार करायची तर आधी घाट चढवा

फ्लाइट नर्स म्हणजे पेशंटला विमानातून नेताना सांभाळणारी नर्स. या ट्रेनिंगला आलेल्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी विमान दाखवतच नाही. विमान दिसलं की सगळं लक्ष फोटो काढण्याकडे. या कामातलं बहुतेक सगळं विमानाचं दार लागण्याआधी करायचं असतं, हे त्यांना आधी पटायला हवं.

निवडताना आयसीयूत व्हेंटिलेटरचे पेशंट निदान दोनेक वर्षं सांभाळलेली सिस्टर किंवा ब्रदर घ्या. आकाशात सल्ला विचारायला मेट्रन नसते, आणि कधीकधी डॉक्टरचे दोन्ही हात अडकलेले असतात.

पहिला धडा गाडीत. मुंबईहून निघताना २० सीसी सिरिंजच्या रिकाम्या नळीत ईटी ट्यूब (पेशंटच्या श्वासनलिकेत घालतात ती नळी) घाला, कफ म्हणजे तिच्या टोकाजवळचा फुगा हवेने फुगवा, मॅनोमीटर या दाब मोजायच्या यंत्रावर पाण्याच्या २५ सेंटिमीटरइतका दाब लावा. शेजारी वेफर्सचा पुडा ठेवा आणि महाबळेश्वर गाठा. १,३७२ मीटरवर पुडा टम्म होतो, मॅनोमीटरचा काटा सरकलेला दिसतो. मग सांगा, की कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, आणि प्रेशराइज्ड विमानाच्या केबिनमधली हवा ८,००० फुटांवरची, म्हणजे साधारण २,४४० मीटरवरची असू शकते. तिथे अडकलेली हवा जवळपास एक तृतीयांशाने वाढते. बॉइलचा नियम, म्हणजे दाब घटला की हवा फुगते, बारावीत पाठ केलेला असतो; कफचा काटा सरकताना बघितला की तो पुन्हा विसरत नाही.

परतीच्या वाटेवर प्रश्न विचारत बसा. पेशंटच्या अंगात हवा कुठे कुठे अडकते? न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती अडकलेली हवा) असेल तर उडण्याआधी आयसीडी, म्हणजे ती हवा काढणारी छातीतली नळी, हवीच, आणि विमान वर असताना ती चिमटा लावून बंद करायची नाही. नळीला जोडलेली पाण्याची बाटली लवंडते, म्हणून हाइमलिच व्हॉल्व्ह (हवा फक्त बाहेर सोडणारी झडप) आणि पिशवी. आतड्याला अडथळा असेल तर रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घालून उघडी ठेवा. कोलोस्टॉमीची, म्हणजे पोटावरच्या छिद्रातून शौच गोळा करणारी, पिशवी आधी रिकामी करा. नवं प्लास्टर असेल तर ते चिरून घेतलंय का, ते डॉक्टरांना विचारा. रेटिनाच्या ऑपरेशननंतर डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडलेला असेल तर तो विरेपर्यंत विमान नाही. आणि कफचा दाब वर चढताना कमी करायचा, उतरताना पुन्हा भरायचा. हे दुसरं टोक बऱ्याच जणी विसरतात, मग लँडिंगच्या वेळी ट्यूबभोवतून गळती सुरू होते.

ऑक्सिजनचं गणित फळ्यावर करून घ्या, मोबाइल बाजूला ठेवून. जमिनीवर ४० टक्के ऑक्सिजनवर ठीक असलेल्या पेशंटला ८,००० फुटांच्या केबिनमध्ये तेवढ्याच ऑक्सिजनसाठी साधारण ५४ टक्के लागतात. सिलिंडरमधला साठा काढायला त्याचं पाण्याचं आकारमान लिटरमध्ये घ्या आणि गेजवरच्या दाबाने (बार या एककात) गुणा: १० लिटरचा सिलिंडर, गेज १५०, म्हणजे १,५०० लिटर. आता नागपूरच्या बेडपासून मुंबईच्या बेडपर्यंतचा वेळ धरा, फक्त उड्डाणाचा नाही. ॲम्ब्युलन्स, चढवणं, उड्डाण, उतरवणं आणि मुंबईचं ट्रॅफिक मिळून चार तास, मिनिटाला १० लिटर: २,४०० लिटर. वर निम्मे राखीव धरले की ३,६००. सगळ्यांचं उत्तर एक येईपर्यंत चहा नाही.

मग खोटी केबिन. जमिनीवर चिकटपट्टीने विमानाच्या आतल्या मापाचा चौकोन आखा, एका बाजूला स्ट्रेचर ठेवा, स्पीकरवर इंजिनाचा आवाज मोठ्याने लावा. स्टेथोस्कोप इथे गळ्यातला दागिना होतो. बीपी हाताने नाडी चाचपून घ्यायचं, ट्यूब जागेवर आहे का ते कॅप्नोग्राफच्या (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राच्या) लाटेवरून ओळखायचं, अलार्म कानांनी नव्हे तर डोळ्यांनी पकडायचा. टेक-ऑफ आणि लँडिंगला नर्सलाही पट्टा लावावा लागतो. म्हणून बसल्या जागेवरून सक्शन, बॅग-मास्क आणि लेबल लावून भरलेली इंजेक्शनं हाताला लागतात का, ते पट्टा लावूनच तपासा. सुटी राहिलेली प्रत्येक वस्तू हिसक्यात कुणाच्या तरी डोक्यात जाते. हेलिकॉप्टरचा सराव असेल तर नियम वेगळा: पायलटने खूण केल्याशिवाय जवळ जायचं नाही, शेपटाकडून तर कधीच नाही, आणि ओढणी, टोपी, सुटे कागद आधी आत.

पायलटशी कसं बोलावं हाही धडा आहे, आणि तो सहसा कुणी घेत नाही. "कॅप्टन, छोटं बाळ आहे, कसंही करून चला," असं म्हणायचं नाही. हवामान बघून उडायचं की नाही हे त्याने शांत डोक्याने ठरवावं. आपली धाकधूक त्याच्यावर टाकली की पेशंटसह सगळेच धोक्यात. याउलट न्यूमोसेफॅलससारख्या (कवटीत हवा अडकलेल्या) केसमध्ये केबिनचा दाब जमिनीइतका हवा असेल तर ते उड्डाणाआधी स्पष्ट सांगा. त्यासाठी विमान खालून न्यावं लागतं, इंधन जास्त जातं, धक्केही बसतात. आयत्या वेळी मागून ते मिळत नाही.

नातेवाईक कपाळाला अंगारा लावतात, लावू द्या. पण ऑक्सिजन चालू असताना ओठांना व्हॅसलीन किंवा तेल नको, पाण्याचं जेल वापरा. नर्सच्या बाबतीत, सर्दीने कान बंद असतील तर त्या दिवशी ड्युटी बदलून घ्या. आदल्या रात्री मिसळ किंवा राजमा नको. का, ते घाटात कळलेलंच असतं.

परीक्षा खोट्या केबिनमध्येच घ्या: आवाज चालू, पट्टा लावलेला, मध्येच ट्यूब निसटल्याचा प्रसंग. पास झालेल्यांना आधी अनुभवी जोडीदाराबरोबर पाठवा, आणि एक सवय लावा. बेडवर पेशंट सोपवून झाला, सही घेतली, की निघण्याआधी मॉनिटर, सिरिंज पंप आणि दोन्हींच्या चार्जरच्या वायरी मोजायच्या. दुसऱ्या आयसीयूत राहिलेली वायर परत मिळवायला पेशंट पोहोचवण्यापेक्षा जास्त फोन करावे लागतात.