अंतर भागिले वेग? विमानाचा वेळ काढताना या चुका टाळा

तिकिटं काढून देण्याचा धंदा करतो, त्यामुळे हे गणित रोज कानावर पडतं: ‘काका, मुंबई-दिल्ली साडेअकराशे किलोमीटर. विमान ताशी नऊशेनं जातं. म्हणजे सव्वा तास.’ गणित बरोबर, उत्तर साफ चूक.

एका तरुण गिऱ्हाइकानं दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगणाऱ्या कुठल्याशा साइटवर असाच आकडा बघितला आणि तिकीट काढायच्या आधीच गुरुग्रामची मीटिंग दीडला ठरवून टाकली. अकराचं विमान, म्हणजे साडेबाराला दिल्लीत! तिकिटावर पोचण्याची वेळ सव्वाएकची निघाली, तेव्हा मला म्हणतो, ‘एअरलाइनवाले उगाच वेळ वाढवून लावतात.’ थोडा लावतातही, नाही असं नाही. पण बाकीचा वेळ खराच जातो. तिकिटावरचा वेळ विमान गेटवरून हललं तिथपासून दिल्लीच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. मुंबईत धावपट्टीसाठी रांग, वर चढताना आणि खाली उतरताना कमी वेग, दिल्लीवर गर्दी असेल तर आकाशात घिरट्या, उतरल्यावर गेटपर्यंत लांबलचक टॅक्सीवे, म्हणजे विमानाचा जमिनीवरचा रस्ता. साइटवरचा आकडा यातलं काही धरत नाही. मीटिंग शेवटी चारला झाली, तीही समोरचा माणूस सज्जन म्हणून. मी स्वतः तिकिटावरची वेळच धरतो आणि गुरुग्राम असेल तर पुढे दोन तास जोडतो. घाई असलेल्यांना हे पटत नाही, त्यांना नेहमी सर्वांत लहान आकडा हवा असतो.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे परदेशी तिकिटावरच्या वेळांची थेट वजाबाकी. उन्हाळ्यात मुंबईहून दुपारी दोनला निघून लंडनला संध्याकाळी सातला पोचलात, तर प्रवास पाच तासांचा होत नाही. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. लंडन तेव्हा आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणून खरा प्रवास साडेनऊ तासांचा. हिवाळ्यात तिथली घड्याळं मागे सरकतात आणि फरक साडेपाचचा होतो. तिकडे मुलगी असलेले आईवडीलही हे दरवर्षी विसरतात. माझी सवय जुनाट आहे: तिकिटाच्या प्रिंटवर दोन्ही वेळा पेन्सिलीनं भारतीय वेळेत लिहायच्या आणि मग वजाबाकी. औषधाच्या गोळ्या कधी घ्यायच्या, हेही त्यातच कळतं.

जाण्याइतकाच वेळ येताना लागेल, असंही धरू नका. वरच्या थरातले जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून लंडनहून येताना विमान बहुधा लवकर पोचतं.

साइटवरचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग. विमान त्यावरूनच जाईल असं नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना वळसा पडला. साइटवरचं अंतर तेवढंच राहिलं.

आकडा मैलात आहे की किलोमीटरमध्ये, तेही बघा. वैमानिकांचा सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो.

रात्री साडेबाराचं विमान असेल, तर आदल्या रात्री घर सोडायचं. याबद्दल आता बोलायचाही कंटाळा आलाय.

आणि गोव्याचं तिकीट काढताना दाबोळी की मोपा, ते वाचा. मोपा पार उत्तरेला पेडण्यात आहे. दक्षिणेकडच्या पाळोळेला हॉटेल घेऊन स्वस्तातलं मोपाचं विमान पकडलंत, तर हवेतल्यापेक्षा जास्त वेळ टॅक्सीत जाईल, आणि वाचलेले पैसेही तिथेच.