परसात बांधकाम काढलंय? शेजाऱ्यांशी वाजण्याआधी या चुका टाळा

मागच्या मोकळ्या जागेत एखादी खोली काढायची म्हटलं की लोकांना पहिलं टेन्शन आवाजाचं येतं. खरं सांगू का, आवाजाची तक्रार बहुतेक वेळा तोंडीच मिटते. कागदावर जाते ती हद्दीची आणि पाण्याची, आणि नेमकं तिथेच आपण ढिले पडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुनं कंपाउंड हीच हद्द असं धरून चालणं. आजोबांच्या काळातली भिंत फूटभर इकडेतिकडे असू शकते, आणि इतकी वर्षं गप्प असलेला शेजारी पाया खणायला घेतला की बोलायला लागतो. जराही शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका, वेळ जातो, फी लागते, पण मोजणीची नोटीस शेजाऱ्यालाही जाते, त्यामुळे नंतर 'मला न सांगता केलं' म्हणायची सोय राहत नाही. गवंड्याच्या टेपवर हद्द ठरवू नका राव.

मग पाणी. पत्र्याचा किंवा स्लॅबचा उतार त्यांच्या बाजूला काढला की पहिल्याच पावसात भांडण ठरलेलं. उतार आपल्याकडे घ्या, पन्हळ लावा, पाइप आपल्याच गटारात सोडा. क्युरिंगला, म्हणजे सिमेंटचं काम पक्कं व्हायला, सात-दहा दिवस पाणी मारताना ते पलीकडच्या भिंतीत मुरतंय का तेही बघा. आणि शोषखड्डा त्यांच्या विहिरीच्या, बोअरच्या जवळ? विचारही करू नका.

भिंतीला चिकटून एकदम लांबलचक चर खणणं हा आणखी एक घोळ. जुन्या कंपाउंडला पाया असतोच असं नाही, शेजारची माती काढली की ते कलतं. तुकड्या-तुकड्याने खणा, लगेच भरा, पावसाळ्यात उघडं सोडू नका, आणि खणायच्या आधी त्यांच्या भिंतीचे फोटो काढून ठेवा, तेही त्यांच्यासमोर.

'आपली जागा आहे, कोण काय करणार' हे बोलायला ठीक आहे. पण परवानगी लागते आणि मार्जिन, म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा, सोडावं लागतं. गंमत अशी की शेजारी तक्रार करतो धुळीची, पालिकेचा माणूस आला की पहिला विचारतो मंजूर नकाशा कुठाय! नकाशा नसेल तर 1966 च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 53 ची, विनापरवाना बांधकामाची नोटीस येऊ शकते. काम थांबवायची नोटीस आली तर थांबवा, रातोरात स्लॅब टाकून घेणारे नंतर जास्त अडकतात. खिडकीचंही लक्षात ठेवा, वीस वर्षं बिनअडथळा मिळालेल्या उजेड-हवेवर 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने हक्क मिळू शकतो, तेव्हा त्यांच्या खिडकीसमोर भिंत चढवण्याआधी वकिलाला विचारा.

आवाजाचं थोडक्यात: 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्र धरतात 10 ते सकाळी 6. कटर-ब्रेकर दुपारी झोपेच्या वेळी बंद ठेवा. स्लॅबच्या दिवशी मात्र मिक्सर मध्येच थांबवता येत नाही, जोड कच्चा राहतो, म्हणून दोन दिवस आधी घरोघरी सांगून या, परीक्षा किंवा आजारपण असेल तर तारीख हलवा.

एवढं करूनही तक्रार आलीच तर ठेकेदाराला बोलायला पाठवू नका, तो 'होतं असं बांधकामात' म्हणून आगीत तेल ओतून येतो. स्वतः जा, काका काय झालंय दाखवा म्हणा, त्यांच्या बाजूने उभं राहून बघा, आणि काय करणार, कधी करणार ते लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा. भिंतीला तडा दाखवला तर त्याच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून तारीख टाका. पुढे सरकला तर खणायचं काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, तिथेच राहिला तर बुजवून रंग मारून द्या, खर्च आपला.