कमी खर्चात पुलिया: रेल्वेमार्ग धरून पाहायचा इटलीचा दक्षिण किनारा

इटलीचा समुद्रकिनारा म्हटला की आमाल्फी आणि चिंक्वे तेर्रे हीच नावे प्रथम पुढे येतात. दोन्ही ठिकाणे सुंदर आहेत. परंतु जपून खर्च करणाऱ्या प्रवाशाने नकाशावर आग्नेयेला, इटलीच्या बुटाच्या टाचेकडे पाहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. तिथला पुलिया हा प्रांत तुलनेने स्वस्त आहे आणि त्याचा किनारा रेल्वेने पाहता येतो. बारीपासून लेच्चेपर्यंतचा सुमारे १५० किलोमीटरचा लोहमार्ग पोलिन्यानो आ मारे, मोनोपोली, ओस्तुनी आणि ब्रिंदिसी यांना एका ओळीत जोडतो. एका स्टेशनाजवळ मुक्काम करून रोज गाडीने ये-जा करणे मुंबईकराच्या अंगवळणी पडलेलेच असते आणि या प्रवासात खरी बचत त्यातूनच होते.

तयारीची सुरुवात व्हिसापासून करावी. मुंबईत इटलीचे महावाणिज्य दूतावास आहे. अर्ज मात्र व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस या कंपनीच्या केंद्रात द्यावा लागतो. इटलीसह युरोपातील अनेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा सक्तीचा आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि मे महिन्याच्या सुट्टीसाठी जाणाऱ्यांनी ही मुभा पुरेपूर वापरावी, कारण त्या काळात भेटीच्या वेळा लवकर भरतात. व्हिसा हातात पडेपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल अशीच राहण्याची जागा आरक्षित करावी. पैसे परत न मिळणारी स्वस्त खोली अर्ज नाकारला गेल्यास सर्वांत महाग पडते.

हवामान आणि दर या दोन्ही दृष्टींनी मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर हे दिवस उत्तम. मे महिन्यात ऊन सुखद असले तरी पाणी गार असते. पोहण्याची हौस असेल तर सप्टेंबर निवडावा, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हाही उबदार असतो. ऑगस्ट मात्र टाळावा. १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सणाच्या आगेमागे सारा इटली किनाऱ्यावर लोटतो आणि खोल्यांचे भाडे त्याप्रमाणे चढते.

मुंबईहून रोमला उतरल्यास वेगवान गाडीने सुमारे चार तासांत बारी गाठता येते. या गाड्यांचे भाडे विमानाप्रमाणे बदलत असल्यामुळे तिकीट लवकर काढावे. प्रादेशिक गाड्यांचे तसे नाही: त्यांचे भाडे अंतरावर ठरते, त्यामुळे आगाऊ आरक्षणाने काही वाचत नाही. मात्र कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी स्टेशनवरील यंत्रात शिक्का उमटवावा लागतो आणि मोबाइलवरील तिकिटाचे चेक-इन करावे लागते. हे न केल्यास तिकीट असूनही दंड होतो.

मुक्कामाचे दोन भाग करावेत: आधी बारी किंवा मोनोपोली, नंतर लेच्चे. ओस्तुनीचे पांढरेशुभ्र गाव टेकडीवर असून स्टेशनपासून काही किलोमीटर दूर आहे आणि तिथे बसने जावे लागते. त्यामुळे ते दिवसभरात पाहून परतणे सोयीचे. खोलीचे भाडे ठरवताना नगरपालिकेचा पर्यटक-कर त्यात धरला आहे का, हे विचारून घ्यावे. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाल्यास तीच घ्यावी.

जेवणाच्या बाबतीत पुलिया शाकाहारी प्रवाशाला फार जवळचा वाटेल, कारण इथला पारंपरिक आहार शेतकऱ्याच्या घरातला आहे: धान्य, कडधान्य, पालेभाजी आणि ऑलिव्हचे तेल. बारीतील बेकऱ्यांमध्ये टोमॅटो आणि ऑलिव्ह घातलेला फोकाच्चा हा जाडसर चपटा पाव मिळतो. त्याचा एक मोठा तुकडा म्हणजे दुपारचे जेवणच. वाळवलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांचे घट्ट पिठले आणि शेजारी किंचित कडवट चिकोरीची शिजवलेली भाजी, असा ‘फावे ए चिकोरिया’ हा पदार्थ आवर्जून खावा. लेच्चेकडे हरभरे आणि काही तळलेल्या पट्ट्या असलेला ‘चीचेरी ए त्रिया’ हा पास्ता मिळतो. कानाच्या आकाराचा ओरेक्येत्ते पास्ता जुन्या बारीच्या गल्लीत स्त्रिया दारात बसून हाताने वळतात. पण तो चीमे दी रापा या पालेभाजीसोबत मागवताना ‘सेन्त्सा अच्चूगे’ (अँचोव्हीशिवाय) असे स्पष्ट सांगावे, कारण त्यात बहुधा अँचोव्ही मासा असतो. कडक शाकाहारींनी पार्मेझान चीजही टाळावे, कारण त्यात दूध गोठवण्यासाठी वासराच्या पोटातील रेनेट हे द्रव्य वापरतात. बसून जेवल्यास बिलात ‘कोपेर्तो’ हा माणशी आकार लागतो. कॉफी काउंटरपाशी उभ्याने घेतल्यास बहुधा स्वस्त पडते, आणि नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्यामुळे रिकामी बाटली सोबत असावी. घरून कोरडा खाऊ जरूर न्यावा. परंतु युरोपीय संघाच्या नियमांनुसार दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे आणि बर्फी घरीच ठेवावी. आंबेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत.

समुद्रस्नानाला पैसे मोजण्याची गरज नाही. छत्री आणि खुर्ची भाड्याने देणारे ‘लीदो’ टाळून ‘स्प्याज्जा लीबेरा’ (मोफत किनारा) अशी पाटी शोधावी. पोलिन्यानोतील कड्यांमधला लामा मोनाकीले आणि मोनोपोलीच्या तटबंदीलगतचा काला पोर्ता वेक्या हे दोन्ही किनारे सर्वांना खुले आहेत. ते लहान असल्याने सकाळी लवकर जावे आणि लामा मोनाकीलेवर गोटे असल्याने तिथे पायांत रबरी चपला घालाव्यात.

शंकूसारख्या दगडी छपरांचे आल्बेरोबेल्लो हे गाव १९९६ पासून जागतिक वारशात आहे, तर शेजारच्या बाझिलिकाता प्रांतातील मातेराची गुहाघरे १९९३ पासून. दोन्हीकडे बारीहून स्थानिक कंपन्यांच्या गाड्या किंवा बस जातात. पण रविवारी ही सेवा फारच विरळ होते, म्हणून या सहली इतर वारी ठेवाव्यात. महिन्याचा पहिला रविवार असेल तर सरकारी संग्रहालये आणि किल्ले विनामूल्य असतात. त्या दिवशी बारीचा किल्ला पाहून घ्यावा.

एक सूचना वेळापत्रकाबाबत. इटलीत रेल्वेचे संप वारंवार होतात आणि बहुधा आधी जाहीर केले जातात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या धावतात. तरीही परतीचे विमान रोमहून असेल तर आदल्या दिवशीच रोमला पोहोचावे, आणि त्या रात्रीच्या खोलीचे भाडे पहिल्यापासून अंदाजपत्रकात धरावे.